सौर पॅनेल, प्लगजोडणीचे : छायायुक्त बागेतील वापर

घराच्या सज्जात, कुंपणावर किंवा बागेत उभारून घरातील विद्युत् मंडलाला प्लगने जोडावयाचा लहान सौर विद्युत् संच. एक ते चार पॅनेले, एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा लहान इन्व्हर्टर आणि जोडतार हे त्याचे मुख्य भाग होत. जर्मनीत या संचांचा विशेष प्रसार झाला असून तेथे त्यांना ‘बाल्कनक्राफ्टवेर्क’ (सज्जातील वीजकेंद्र) म्हणतात. तेथे मे २०२४ मध्ये झालेल्या कायद्यान्वये इन्व्हर्टरची मर्यादा ६०० वॉ.वरून ८०० वॉ. करण्यात आली, पॅनेलांची एकूण क्षमता २,००० वॉ.पर्यंत ठेवण्यास मुभा मिळाली आणि नोंदणी सुलभ झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भाडेकरूंना असा संच बसविण्यास परवानगी मागण्याचा हक्क मिळाला.

विद्युत् पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. त्यामुळे उपसलेल्या प्लगच्या उघड्या दांड्यांपासून धक्का बसण्याचा धोका टळतो. मात्र याच कारणाने साधा संच वीज गेली असता उपयोगी पडत नाही.

छायेचा परिणाम : पॅनेलातील सिलिकॉन घट एकसरीत जोडलेले असतात. एक घट झाकला गेला, तरी संपूर्ण सरीतील प्रवाह रोखला जातो आणि तो घट वीज निर्माण करण्याऐवजी तापू लागतो. हे टाळण्यासाठी पॅनेलात बहुधा तीन बगल-डायोड बसवितात. छाया पडलेला गट वगळून प्रवाह पुढे जातो व उत्पादन सु. एक-तृतीयांशाने घटते. जुन्या पद्धतीच्या उभ्या पॅनेलाच्या तळाशी कुंपणाची अरुंद छाया पडल्यास तीनही गट एकाच वेळी बाधित होतात; तेच पॅनेल आडवे ठेवल्यास एकच गट बाधित होतो. अर्धघटी पॅनेलाचे वरचे व खालचे भाग समांतर जोडलेले असल्याने ते उभे ठेवले असता वरचा भाग चालू राहतो. दोन पॅनेलांवर वेगवेगळ्या वेळी छाया पडत असेल, तर ती एकसरीत न जोडता इन्व्हर्टरच्या स्वतंत्र आदानांना जोडणे श्रेयस्कर असते.

स्थाननिवड : बर्लिन येथे २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सु. १४° उंचीवर असतो; म्हणून ३ मी. उंच भिंतीची छाया सु. १२ मी. लांब पडते. जूनमध्ये ही उंची सु. ६१° होते व तीच छाया सु. १·७ मी. उरते. यावरून, हिवाळ्यात पूर्णपणे झाकोळलेली बाग उन्हाळ्यात उपयुक्त ठरू शकते. तथापि पानगळीच्या झाडांच्या बाबतीत स्थिती उलट असते : उन्हाळ्यात, म्हणजे उत्पादन सर्वाधिक असावे अशा काळात, त्यांची पालवी आड येते. म्हणून निरनिराळ्या ऋतूंत तासातासाने छायेची नोंद केल्याशिवाय खर्च करणे इष्ट नसते.

विसरित प्रकाश : जर्मनीत वर्षभरात मिळणाऱ्या सौर प्रारणापैकी सु. निम्मे आकाशातून विखुरलेल्या रूपात येते. दाट ढगाळ दिवशी उघड्यावरील पॅनेलाचे उत्पादन क्षमतेच्या सु. एक-दशांशापर्यंत उतरते, भिंती व झाडे यांनी आकाशाचा भाग झाकला असल्यास ते आणखी कमी होते. अशा जागी पॅनेलाचा कल कमी ठेवल्यास त्याला आकाशाचा अधिक भाग दिसतो. तसेच ८०० वॉ.च्या इन्व्हर्टरला जास्त क्षमतेची पॅनेले जोडल्यास मंद प्रकाशात अधिक वीज मिळते. प्रखर उन्हात मात्र वाढीव वीज वाया जाते.

आर्थिक विचार : अशा संचाचा लाभ मुख्यतः वीज घरातच वापरली जाण्यावर अवलंबून असतो, जालात गेलेल्या जादा विजेचा मोबदला सहसा मिळत नाही. छायेतील संचाचे उत्पादन अल्प असले, तरी शीतकपाटासारख्या अखंड चालणाऱ्या उपकरणांकडून त्याचा बहुतेक भाग वापरला जातो. याउलट दिवसाकाठी एक-दोन तासही थेट ऊन न मिळणाऱ्या जागी संचाची किंमत वसूल होण्यास दीर्घ काळ लागतो. अशा वेळी पॅनेल उंच कुंपणावर, छपरावर वा ऊन मिळणाऱ्या भिंतीवर हलविणे हाच परिणामकारक उपाय होय. इन्व्हर्टर कितीही कार्यक्षम असला, तरी न पोहोचलेल्या प्रकाशाची उणीव तो भरून काढू शकत नाही.