पैलवानाचं चित्र आणि त्यामागचे हात

कामं आवरली का? नसतील आवरली तर भाकरी थापता थापता ऐका. आजचा विषय हातानं काम करणाऱ्यांचाच आहे.

आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा कंपनीच्या कामानं जपानला जाऊन आला. येताना त्यानं कागदाची एक गुंडाळी आणली. काकूंनी ती बैठकीत उलगडली, तर आत हा एवढा थोरला पैलवान! डोंगरासारखं पोट, डोक्यावर केसांचा बुचडा, कमरेला जाड पट्टा. "काकू, ह्याला कुठं लावणार, देवघरात का चुलीपाशी?" असं एकीनं विचारलं आणि सगळ्या हसत सुटल्या. त्यात काकूंनी सांगितलं की ह्या पट्ट्याला तिकडं 'मावाशी' म्हणतात. मग काय, त्या दिवशी हप्त्यांचा हिशेब अर्धा तास उशिरा सुरू झाला.

मी मात्र त्या चित्राच्या मागं लागले. काकूंकडचं चित्र म्हणजे आजच्या छपाईची नक्कल आहे, पण मूळ चित्र दोनशे वर्षांहून जुनं. पैलवानाचं नाव रायदेन तामेएमोन. १७६७ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. उंची जवळजवळ साडेसहा फूट. मोठ्या दंगलींत २५४ कुस्त्या जिंकल्या आणि हरल्या फक्त १०. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकवावी लागते. सुमोत तसं नाही. साधारण पंधरा फुटांच्या गोल रिंगणाबाहेर ज्याचा पाय पडला तो हरला, नाहीतर तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला तरी हरला. कुस्तीआधी पैलवान मूठभर मीठ उधळतात, रिंगण शुद्ध करायला. आपल्याकडं हौद्यात हळद, तेल, ताक घालतात ते मला आठवलं.

त्या काळी आजच्या टोकियोला एदो म्हणत. तिथं नटांची आणि पैलवानांची रंगीत चित्रं दुकानात विकायला असत. किंमत म्हणाल तर साधारण शेवयांच्या एक-दोन वाडग्यांइतकी. म्हणजे ही राजवाड्यातली कला नव्हे. कामगार माणूस घरी जाताना आवडत्या पैलवानाचं चित्र घेऊन जायचा.

आणि त्याच्या घरच्या बायका? त्यांना त्या काळी ह्या व्यावसायिक कुस्त्या बघायलाही मनाई होती. मला वाटतं, कितीतरी जणींनी रायदेन पाहिला असेल तो ह्या कागदावरच. पुढं बघायची मुभा मिळाली, पण व्यावसायिक सुमोच्या रिंगणात बाईनं पाय ठेवायचा नाही हा नियम आजही आहे. २०१८ साली मायझुरू नावाच्या गावात नगराध्यक्ष रिंगणात भाषण करता करता कोसळले. काही बायका धावत वर गेल्या आणि छाती दाबून त्यांचा जीव वाचवायला लागल्या. तेवढ्यात भोंग्यावरून सांगण्यात आलं, बायकांनी रिंगणातून खाली उतरावं! नंतर सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली, पण नियम तसाच राहिला. आणि गंमत बघा, पैलवानांच्या तालमीचं घर सांभाळते ती वस्तादाची बायकोच. पोरांची आजारपणं काढायची, पाहुणे बघायचे, देणगीदार सांभाळायचे. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे तिकडंही तसंच."

आता चित्र कसं व्हायचं ते सांगते. मला सगळ्यात नवल त्याचंच वाटलं.

चित्रकार पातळ कागदावर शाईनं रेघांचं चित्र काढायचा. रायदेनची चित्रं काढणाऱ्यांत कात्सुकावा शुनेइ हा नामांकित. पण त्याचं काम तिथं संपत नसे, सुरू होई. तो कागद चेरीच्या लाकडाच्या गुळगुळीत फळीवर उलटा चिकटवायचा आणि कोरणाऱ्यानं कागदासकट लाकूड कोरायचं. रेघ तेवढी उभी ठेवायची, बाकी सगळं खोल काढायचं. म्हणजे चित्रकाराचं मूळ चित्र त्यातच नाहीसं व्हायचं! कपाळावरचे केस कोरायचे ते सगळ्यात हुशार कारागिरानं, कपड्यावरची नक्षी शिकाऊ पोरांनी. मग प्रत्येक रंगाची वेगळी फळी. आपल्याकडं ठशानं कापड छापतात तसंच, पण रंग एकमेकांवर नेमके बसायला हवेत. त्यासाठी फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन खाचा कोरलेल्या असत. कागद त्या खाचांना टेकवून ठेवायचा, की काम बिनचूक.

शेवटी छापणारा. तो फळीला पाण्यातला रंग आणि तांदळाची खळ ब्रशनं लावायचा, त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या गोल गादीनं वरून घासायचा. यंत्र नाही, सगळा जोर मनगटाचा. एका चित्राला सहा-सात रंग असले, तर तितक्यांदा तोच कागद. आणि अशी शेकड्यानं चित्रं.

चित्रावर नावं कुणाची? पैलवानाचं मोठ्या अक्षरांत. खाली चित्रकाराची सही. विकणाऱ्या प्रकाशकाची खूण. सरकारी तपासनिसाचा शिक्कासुद्धा. कोरणाऱ्याचं नाव कधीमधी दिसतं, तेही बरंच उशिरा, १८५०च्या आसपास. छापणाऱ्याचं तर क्वचितच. ज्यानं केसागणिक लाकूड कोरलं, ज्याचं मनगट दुखलं, तो कोण होता हे आज कुणालाच सांगता येत नाही.

हे वाचलं आणि मला घाम फुटला. कारण सांगते. गेल्या दिवाळीत जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमच्या गोधड्या होत्या. फलक मी केला होता. त्यावर गटाचं नाव, अध्यक्षांचा फोटो, आणि खाली 'समन्वयक' म्हणून माझं नाव. प्रदर्शन छान झालं, गोधड्या संपल्या. परतताना टेम्पोत सत्तरीच्या एक आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा धावदोरा आमच्यात सगळ्यात बारीक. त्या हळूच म्हणाल्या, "बाळ, त्या पाटीवर माझं नाव कुठं होतं गं? मला वाचता येत नाही, म्हणून विचारते." मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं तर उत्तर नव्हतंच.

म्हणून पुढच्या बैठकीत मी ते चित्र परत मागवलं आणि सगळी गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. वाद झाला. एकीचं म्हणणं, गटाचं नाव पुरे, एकेकीचं घातलं तर हेवेदावे वाढतील. तेही खोटं नाही. तास-दीड तासानं ठरलं की गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात नावं दोऱ्यानं घालायची. तुकडे कुणी जुळवले, टाके कुणी घातले, दोन्ही. अध्यक्षांचं नाव फक्त त्यांनी शिवलेल्या गोधडीवर.

आजींचा प्रश्न उरला. त्या म्हणाल्या, न वाचता येणारं नाव घालून मला काय कळणार? तेव्हा काकूंनी मुलाकडून ऐकलेलं सांगितलं. मोठे सुमो पैलवान चाहत्यांना नुसती सही देत नाहीत. पंजाला शाई लावून पुठ्ठ्यावर ठसा उमटवतात आणि शेजारी आपलं नाव लिहितात. त्याला तेगाता म्हणतात. हा मानही वरच्या दोन गटांतल्या पैलवानांनाच. आपल्याकडं अंगठा म्हटलं की मान खाली जाते, आणि तिकडं अख्खा पंजा भिंतीवर लावतात!

आजींनी शाईचा पंजा करून पाहिला, पण पहिल्याच धुण्यात तो फिका पडला. आता त्या कापडावर हात ठेवतात, नात पेन्सिलीनं कडेनं रेघ ओढते, आणि आजी त्या रेघेवर लाल दोऱ्यानं टाके घालतात. पाच बोटं आणि तळवा, जेमतेम अर्ध्या तासाचं काम.