विरुद्धार्थी शब्द आणि पढतमूर्ख

इंग्रजीच्या परीक्षेत असा एक प्रश्न हमखास येतो : ‘वाइज’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द निवडा. पर्याय चार : इग्नोरंट, स्टुपिड, इल्लिटरेट, फूलिश. चारही एकाच घरातले भाऊ वाटतात. आमच्या शिवथरची मुले माझ्याकडे इंग्रजीसाठी येतात, ती यातला जो ओळखीचा तो धरतात आणि मार्क जातो.

मी त्यांना सांगतो, आधी शब्दाला विचारा, तू मोजतोस काय? इल्लिटरेट अक्षरओळख मोजतो, त्याच्यासमोर लिटरेट. इग्नोरंट माहिती मोजतो. त्याच्यासमोर जाणकार, म्हणजे वेल-इन्फॉर्म्ड. स्टुपिड बुद्धीची धार मोजतो; त्याच्यासमोर इंटेलिजंट. वाइज मात्र तारतम्य मोजतो : काय करावे, कधी करावे, कुठे थांबावे. ते ज्याला नाही तो फूलिश. उत्तर हेच. आपण मराठीत स्टुपिड आणि फूलिश दोघांनाही ‘मूर्ख’ म्हणून मोकळे होतो, म्हणून गोंधळ होतो.

खरे तर ही पारख आपल्याकडे जुनीच आहे. ‘दासबोध’ जिथे लिहिला गेला असे परंपरा मानते, ती घळ आमच्याच शिवथरची. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि लगेच दुसरा उत्तमलक्षणांचा. म्हणजे समर्थांनी मूर्खासमोर पंडित उभा केला नाही, चांगली वागणूक ठेवली. दशकाचा शेवटचा, दहावा समास पढतमूर्खाचा. हा शिकलेला आहे आणि मूर्खही आहे. यातून एक कसोटी मिळते. दोन शब्द एकाच माणसाला एकाच वेळी लागू पडत असतील, तर ते एकमेकांचे विरुद्धार्थी नव्हेत.

दुसरे, शब्दाची सोबत पाहावी. ‘ओल्ड’ माणसासमोर ‘यंग’ येतो, ‘ओल्ड’ घरासमोर ‘न्यू’. ‘शॉर्ट’ माणसासमोर ‘टॉल’, ‘शॉर्ट’ दोरीसमोर ‘लाँग’. इथे मराठी मदतीला येते : म्हातारा-तरुण, जुने-नवे, बुटका-उंच, आखूड-लांब. मराठीतही सोबत सुटत नाही. ओल्या मासळीसमोर सुकी मासळी, पण ओल्या दुष्काळासमोर कोरडाच दुष्काळ.

ही गोष्ट एका मार्कापुरती नाही. अंगठा उठवणाऱ्याला आपण ‘अडाणी’ म्हणतो आणि त्याच शब्दात त्याची अक्कलही काढून घेतो. आमच्या खोऱ्यात कुठल्या उतारावर नाचणी धरेल, भर पावसात ओढा कधी ओलांडू नये, हे सांगणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्या इल्लिटरेट आहेत आणि वाइजही आहेत. हे दोन शब्द समोरासमोर बसवले, तर परीक्षेत मार्क जातो. गावात मात्र चार माणसे बसली की अशा म्हातारीला कुणी विचारीनासे होते.