चित्रफितींची स्थळप्रत



तीस वर्षे कामगार संघटनेत घालविलेल्या माणसाने संगणकाच्या डिस्कवर बोलावयास उभे राहावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे शिकलो ते गरजेपोटी, आणि पुष्कळसे ठेच लागल्यावर. त्यांपैकी एक ठेच आज सांगावयाची आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपातील वृद्ध कामगारांच्या मुलाखती आम्ही काही वर्षांपूर्वी चित्रित करू लागलो. सर्व चित्रण एकाच हार्ड डिस्कवर होते. एके दिवशी ती चालू असतानाच टेबलावरून पडली. वाइंडिंग खात्यात आयुष्य काढलेल्या एका आजींचे दोन तासांचे बोलणे तिच्यात होते. आजी त्याआधीच निवर्तल्या होत्या. ते बोलणे पुन्हा मिळणे नाही.

असे का झाले? हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. धक्का बसला की सुई तबकडी खरवडते. दुसरा प्रकार एसएसडीचा. तिच्यात फिरणारे काही नाही, ती वेगवान आहे. परंतु तीही पूर्वसूचना न देता बंद पडू शकते, आणि विजेवाचून फार काळ कपाटात राहिली तर तिच्यातील मजकूर पुसट होण्याचा संभव असतो. म्हणून संकलनाचे चालू काम एसएसडीवर करावे आणि मूळ चित्रण हार्ड डिस्कवर जपावे.

आता हिशेब पाहू. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल, तर एका तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. चाळीस तासांचे १८०० गिगाबाइट झाले. म्हणजे दोन टेराबाइटची डिस्क जवळजवळ भरली. दुसरी प्रत म्हणजे दुसऱ्या डिस्कचा खर्च, आणि आमच्यासारख्या गरीब संस्था नेमकी तेथेच काटकसर करतात.

वर्गणीची पावती फाडताना आम्ही स्थळप्रत ठेवतो. चित्रणाचाही नियम तोच: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. कॅमेऱ्याचे कार्ड पुसण्यापूर्वी निदान दोन प्रती झालेल्या असाव्यात. दोन डिस्का जोडून एकीवरचे दुसरीवर आपोआप उतरविण्याची सोय असते. पण तिला स्थळप्रत समजू नये. चुकून पुसलेले तेथे दोन्हीकडून पुसले जाते.

आणखी एक गोष्ट. संकलनाच्या फाइलीत चित्रे नसतात, ती कोठे ठेवली आहेत याची केवळ नोंद असते. डिस्कचे नाव बदलले किंवा फोल्डर हलविला की संगणक म्हणतो, चित्रण सापडत नाही. म्हणून नावे एकदा ठरवून बदलू नयेत. ही फाइल लहान असते. तिची प्रत रोज घ्यावी.

मोठ्यांचेही चुकते. १९९८ साली अमेरिकेत पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे बरेचसे काम एका चुकीच्या आज्ञेने पुसले गेले, आणि राखून ठेवलेल्या प्रती सदोष निघाल्या. गॅलिन सुसमन या बाईंनी तान्ह्या मुलामुळे घरून काम करता यावे म्हणून घरी नेलेली प्रत उपयोगी पडली. तात्पर्य, प्रत नुसती ठेवू नये. ती अधूनमधून उघडून पाहावी.

असो. आपल्याही घरी आजी-आजोबांचे बोलणे मोबाइलमध्ये असेल. आज घरी गेल्यावर त्याची दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. आमच्या आजींच्या वेळी आम्हांला हे कळले नव्हते. आपल्याला आता कळले आहे.