अठ्ठावीस दिवसांचा महिना

आमच्या ज्योतिषकारांनीं महिन्याचे चार प्रकार सांगितले आहेत : सौर, चांद्र, सावन आणि नाक्षत्र. सूर्याच्या संक्रमणानें होतो तो सौर. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा तो चांद्र. तीस सूर्योदयांचा तो सावन. आणि चंद्र सत्तावीस नक्षत्रें फिरून येतो तो नाक्षत्र. शाळेंत संस्कृत शिकवितांना हे चार प्रकार आम्हीं कित्येक पिढ्यांकडून घोकून घेतले. पांचवाहि एक प्रकार आहे, आणि तो साठी उलटल्यावर आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून आम्हांला शिकावा लागेल, हें मात्र ठाऊक नव्हतें.

या विद्यार्थ्याचें आमगांवच्या बाजारांत मोबाईलचें दुकान आहे. "गुरुजी, महिन्याचा रिचार्ज मारून देऊं का?" असें त्यानें विचारलें, आम्हीं होय म्हटलें, आणि पुढील महिन्यांत ती तारीख येण्याच्या आधींच फोन मुका झाला. तक्रार घेऊन गेलों तर तो नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो." चांद्रमास सुमारें साडेएकोणतीस दिवसांचा, नाक्षत्र सव्वासत्तावीस दिवसांहून किंचित् अधिक, मग हे अठ्ठावीस कोणत्या सिद्धान्तग्रंथांतले? घरीं येऊन पाटी घेतली तेव्हां उलगडा झाला. वर्षाच्या ३६५ दिवसांत अठ्ठावीस तेरा वेळां जातात. म्हणजे गिऱ्हाइकाला बारा महिन्यांच्या वर्षांत तेरा वेळां पैसे मोजावे लागतात. आपल्या पंचांगांतला अधिक मास बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं एकदां येतो व त्यांत जांवयाला अनारशांचें वाण तरी मिळतें. हा अधिक मास दरवर्षीं येतो, आणि वाण आपणच द्यावयाचें.

येथवरचा प्रकार हंसण्यावारी नेण्यासारखा होता. परंतु गेल्या संक्रांतीस आमच्या घरीं जें घडलें त्यामुळें हा विषय वाचकांपुढें मांडावा असें वाटलें.

आमच्या काकू चौऱ्यायशीं वर्षांच्या आहेत. त्यांना कुटुंब-निवृत्तिवेतन मिळतें. त्यांचा मोबाईल साधा, बटनांचा. महिन्यांतून दोन-तीन वेळां काय तो बोलण्याच्या कामीं येणारा. एरवीं देवघराच्या कोनाड्यांत पडून असे. रिचार्ज कोणी करावयाचा हें ठरलेलें नव्हतें. एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें तें कोणाचेंच नसतें. आषाढांत रोवणीची धांदल सुरूं झाली, मजुरांची वाण पडली, आणि काकूंच्या फोनची मुदत केव्हां संपली हें कोणाच्या ध्यानींमनींहि आलें नाहीं. त्यांना बोलावयाचें झालें तर सूनबाई आपला फोन पुढें करी. म्हणून उणीव भासली नाहीं.

काकूंची धाकटी बहीण बिलासपुरास असते. तिला हा एकच नंबर तोंडपाठ. संक्रांतीला तिळगुळाचे दोन शब्द बोलावे म्हणून तिनें फोन लावला, तों पलीकडून कोणी परका तरुण बोलला. "आजी, हा नंबर आतां माझा आहे," एवढेंच त्या बिचाऱ्यानें सांगितलें. पण ऐकणाऱ्या ब्यायशीं वर्षांच्या म्हातारीनें त्याचा काय अर्थ घ्यावा? बहीण गेली आणि आपणांस कोणी कळविलें नाहीं, अशीच तिची समजूत झाली. दोन दिवस तिनें अन्न घेतलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिच्या मुलानें आमचा नंबर शोधून काढला, तेव्हां हा प्रकार उघडकीस आला.

पुढें कळलें तें याहून काळजीचें होतें. बँकेच्या खात्याला तोच नंबर, आधारकार्डालाहि तोच. पैसे काढल्या-घातल्याचा संदेश व गुप्त अंकांचा ओटीपी परक्या माणसाच्या हातीं जाण्याची सोय आमच्याच हलगर्जीनें झाली होती. तो तरुण सज्जन निघाला, हें आमचें दैव. तरी गुडघे धरलेल्या काकूंना रिक्षांत घालून आधार-केंद्रावर दोन खेपा व बँकेंत तीन खेपा कराव्या लागल्या. ज्या खर्चाची काटकसर म्हणून कोणी हौसेनें केली नव्हती, नुसत्या विसराळूपणानें झाली होती, ती अशी महाग पडली.

आतां यांत नियम काय आहे तें सांगतों. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१३ सालच्या नियमाप्रमाणें नव्वद दिवसांच्या आंत केवळ वापर नाहीं म्हणून कंपनीला नंबर बंद करतां येत नाहीं. आणि खात्यांत वीस रुपये शिल्लक असल्यास त्यानंतरहि तो राखण्याची तरतूद आहे. बंद झालेला नंबर आणखी नव्वद दिवस कोणास देत नाहींत. त्यानंतर तो नव्या गिऱ्हाइकाला मिळूं शकतो. मात्र "वीस रुपयांत फोन चालूं राहतो" असा जो अर्थ पुष्कळांनीं काढला आहे तो बरोबर नाहीं. नंबर जिवंत असणें निराळें व त्यावर बोलतां येणें निराळें. २०१८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनीं किमान रिचार्जाची अट घातली. त्या वेळीं ३५ रुपयांत २८ दिवस मिळत. तेव्हांपासून मुदत संपली कीं आपल्याला कोणाला फोन करतां येत नाहीं, आणि थोड्या दिवसांनीं येणारेहि बंद होतात.

आमच्या वयाच्या वाचकांना याहून वेगळा काळ आठवत असेल. हिंदुस्थानांत मोबाईलवरचें पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योति बसू दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. त्या काळीं आलेला फोन घेण्यासहि पैसे पडत, त्यामुळें घंटी वाजली कीं धनी दचके. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले आणि 'मिस्ड कॉल' नांवाची नवी भाषा जन्मास आली. एक घंटी म्हणजे पोंचलों, दोन म्हणजे स्टेशनावर घ्यावयास या. त्या भाषेला व्याकरण नव्हतें, पण अर्थ कधीं चुकत नसे. पुढें आजन्म मुदतीचीं कार्डें निघालीं, तीं कंपन्यांच्या आयुष्यापुरतींच ठरलीं.

आमगांवकरांना आणखी एक जाच होता. बाघ नदीपलीकडे मध्यप्रदेश, पूर्वेस छत्तीसगड. या दोहोंचें दूरसंचार-मंडळ निराळें. लांजीच्या बाजूस कोणी सोयरिकीला गेला कीं फोन परराज्यांत शिरे व रोमिंगचे पैसे कापले जात. ट्रायनें २०१३ व २०१५ सालीं हे दर उतरविले, आणि पुढें ते नाहींसेच झाले. याच आमगांवाजवळचें पद्मपूर हें भवभूतीचें जन्मस्थान, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं दाखविलें. त्याच्या 'मालतीमाधवां'त माधव मेघाकरवीं निरोप पाठवितो. त्या दूताला सीमेवर रोमिंग पडलें नाहीं, आणि अठ्ठावीस दिवसांनीं तो मुकाहि झाला नाहीं. असो.

आतां मुख्य प्रश्न : ज्याला महिन्यांतून दहा-पंधरा वेळां बोलावयाचें आहे व इंटरनेट नको आहे, त्यानें काय घ्यावें? २३ डिसेंबर २०२४ रोजीं ट्रायनें एक चांगली गोष्ट केली. केवळ बोलणें व संदेश एवढ्याचाच, डेटाविरहित, निदान एक रिचार्ज प्रत्येक कंपनीनें ठेवलाच पाहिजे, असा नियम केला. आणि अशा रिचार्जाची कमाल मुदत ९० दिवसांची होती ती ३६५ दिवसांवर नेली. जेवणाऱ्याला भात-वरणच हवें असतांना पंचपक्वान्नांचे पैसे घेण्याची रीत होती, तिला यामुळें कांहींसा आळा बसला. जानेवारी २०२५ मध्यें कंपन्यांनीं दर जाहीर केले व थोड्याच दिवसांत ते उतरविले. उतरल्यावर एअरटेलचे ४६९ रुपयांस ८४ दिवस व १८४९ रुपयांस ३६५ दिवस. जिओचे ४४८ रुपयांस ८४ दिवस व १७४८ रुपयांस ३३६ दिवस असे ते झाले. बोलण्यावर मर्यादा नाहीं.

वाचकांपैकीं पुष्कळजण येथें १७४८ हा आंकडा पाहून समाधान पावतील. आमचा पुतण्याहि पावला होता. परंतु ३३६ म्हणजे बारा अठ्ठावीस, वर्ष नव्हे. दिवसाचा हिशोब केला तर १८४९ वाल्यास ५ रुपये ७ पैसे पडतात आणि १७४८ वाल्यास ५ रुपये २० पैसे. ३६५ दिवसांच्या मानानें दुसरा सुमारें १८९९ रुपयांना पडला. म्हणजे जो शंभर रुपयांनीं स्वस्त दिसतो तो वस्तुतः पन्नास रुपयांनीं महाग आहे. चौऱ्यायशीं दिवसांचे अनुक्रमें ५ रुपये ५८ पैसे व ५ रुपये ३३ पैसे. उलट जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा लहान डेटावाला २८ दिवसांचा रिचार्ज १८९ रुपयांचा झाला होता. तो तेरा वेळां भरला तर २४५७ रुपये होतात. सहाशें रुपयांचा हा फरक एका नंबरापुरता. आमच्या घरांत नंबर सात आहेत.

भारत संचार निगमाचाहि विचार करावा. अल्प वापराच्या माणसासाठीं त्यानें ११९८ रुपयांचा वर्षाचा रिचार्ज काढला. त्यांत दरमहा ३०० मिनिटें बोलणें, थोडा डेटा व ३० संदेश. दिवसाला हे ३ रुपये २८ पैसे होतात, आणि तीनशें मिनिटें म्हणजे रोजचीं दहा. काकूंना तीं पुरून उरतील. अडचण दराची नाहीं, आपल्या घराच्या भिंतींची आहे. निगमाची स्वदेशी फोर-जी सेवा सप्टेंबर २०२५ मध्यें देशभर सुरूं झाली खरी, पण आपल्या माजघरांत तिचा आवाज पोंचतो कीं नाहीं हें शेजाऱ्याचा फोन मागून, माजघरांतच उभें राहून, पाहिल्याशिवाय कळावयाचें नाहीं. अंगणांत येऊन ओरडावें लागलें तर तीं मिनिटें स्वस्त कसलीं?

पाहून पसंत पडल्यास नंबर न बदलतां कंपनी बदलतां येते. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजींत लिहून जागा सोडून आपला नंबर घालावा व १९०० ला पाठवावें. संकेतांक येतो तो चार दिवस चालतो. तो व ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीकडे जावें. मंडळ एकच असल्यास काम तीन दिवसांत होतें. कंपनींत नव्वद दिवस पुरे झालेले असावे लागतात. दर वरचेवर बदलतात, म्हणून पैसे देण्यापूर्वीं ट्रायच्या दरपत्रकाच्या संकेतस्थळावर घरांतील एखाद्या मुलाकडून ते ताडून घ्यावेत, आणि दुकानांत "महिना" हा शब्द न उच्चारतां "दिवस किती?" एवढेंच विचारावें.

वर्षाचे पैसे एकदम भरणें सर्वांस सोयीचें नसतें, हें आम्ही जाणतों. ज्याच्या हातीं दिवाळीनंतर धानाचा पैसा येतो त्यानें तेव्हांच भरून टाकावा. पगारदारानें चौऱ्यायशीं दिवसांचा घ्यावा. मात्र तारीख लिहून ठेवावी.

आमच्याकडे आतां अशी व्यवस्था झाली आहे. वृद्धांच्या तीन नंबरांना वर्षाचा, केवळ बोलण्याचा रिचार्ज. नातवंडांचीं चित्रें पाहणें घरच्या वायफायवर भागतें. तरुणांचें त्यांनीं पाहावें. रिचार्जाची जबाबदारी धाकट्या सूनबाईनें आपण होऊन घेतली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तिनें प्रत्येकाच्या मुदतीच्या आठ दिवस आधींच्या चौकोनाला कुंकवाचें बोट लावलें आहे. काकूंचा जुना नंबर परत मिळाला नाहीं. नवा नंबर बिलासपूरच्या मावशींना पाठ होईना, म्हणून काकू रोज सकाळीं पूजा आटोपल्यावर स्वतः फोन लावतात व पलीकडून आवाज आला कीं दहा आंकडे सावकाश म्हणून दाखवितात. काल मावशींनीं आठ आंकडे बरोबर म्हटले.