भौतिकशास्त्राच्या वर्गात शांतता का असते?

बी.एस्सी. प्रथम वर्षाचा वर्ग. फळ्यावर न्यूटनचा दुसरा नियम लिहून झाला आहे, एक उदाहरणही सोडवून झाले आहे. प्राध्यापक विचारतात, "समजलं ना? काही शंका?" वर्गातून एका सुरात "हो सर" येते आणि तास पुढे सरकतो. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, कुठेही ज्यांनी हा विषय शिकवला आहे त्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका हाती आल्या की त्या "हो सर"चा खरा अर्थ कळतो.

या शांततेचे कारण आपण बहुधा मुलांच्या लाजाळूपणात किंवा इंग्रजीत शोधतो. इंग्रजीची अडचण खरीच आहे. आपल्या जिल्ह्यातील अनेक मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि त्यानंतर एकदम इंग्रजी पुस्तकांना सामोरी जातात. ज्यांच्या घरी गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलली जाते त्यांच्यासाठी तर ही तिसरी भाषा. पण मराठीतून प्रश्न विचारला तरी वर्ग बोलू लागतोच असे नाही. म्हणजे आणखी एक कारण असले पाहिजे. ते म्हणजे या विषयाकडून विद्यार्थ्याच्या असलेल्या अपेक्षा.

अपेक्षा म्हणजे काय?

विद्यार्थी वर्गात कोऱ्या मनाने येत नाही. बल, गती, उष्णता यांविषयी त्याच्या काही कल्पना असतातच, शिवाय "भौतिकशास्त्र शिकणे म्हणजे काय करणे" याविषयीही त्याची एक समजूत असते. सूत्रे पाठ करायची, सरांनी सोडवलेल्या नमुन्यात आकडे घालायचे, आयएमपी प्रश्न मिळवायचे, ही ती समजूत. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने वर्गात बोलण्याचे काही कारणच नसते. माहिती देण्याचे काम सरांचे, उतरवून घेण्याचे काम आपले. तो गप्प बसतो तेव्हा तो आपल्या समजुतीप्रमाणे नीटच वागत असतो.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील एडवर्ड रेडिश आणि त्यांचे सहकारी सॉल व स्टाइनबर्ग यांनी या समजुती मोजण्यासाठी ३४ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधान आपल्याला किती मान्य आहे एवढेच विद्यार्थ्याने सांगायचे. विषय स्वतः समजून घ्यायचा की शिक्षकांवर विसंबायचे, ज्ञान एकसंध आहे की सुट्या तुकड्यांचे, संकल्पना महत्त्वाच्या की सूत्रे, वर्गातल्या विषयाचा बाहेरच्या जगाशी संबंध आहे का, गणित कशासाठी वापरायचे आणि अभ्यासात किती व कोणते कष्ट घ्यायचे, अशा सहा बाजू त्यात तपासल्या जातात. सहा संस्थांमधील सुमारे १५०० विद्यार्थ्यांवरील निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या अपेक्षा एकूण सुधारल्या नव्हत्या, उलट बिघडल्या होत्या.

ही गोष्ट आपण शिक्षकांनी गंभीरपणे घ्यायला हवी. आपण यांत्रिकी शिकवत असताना नकळत दुसरेही काही शिकवत असतो. तुझ्या अनुभवाला इथे स्थान नाही, हे त्यांपैकी एक.

बैलगाडीचा प्रश्न

एक उदाहरण घेऊ. कापसाने भरलेली बैलगाडी सपाट रस्त्यावरून जिनिंगकडे एकसारख्या वेगाने चालली आहे. बैल गाडीला पुढे ओढतात. जमीन, आस आणि हवा यांचा एकूण विरोध मागे ओढतो. बैलांची ओढ या विरोधापेक्षा जास्त आहे, कमी आहे, की तेवढीच आहे?

"बैल जास्त जोर लावते म्हणून तं गाडी चालते, सर," असे उत्तर बहुतेक वर्गांत मिळेल, आणि त्यामागे प्रत्यक्ष अनुभव आहे. बैल थांबला की गाडी थांबते, हे शेतातल्या मुलाने शेकडो वेळा पाहिलेले असते. पण वेग एकसारखा असेल तर त्वरण शून्य, आणि त्वरण शून्य तर एकूण बलही शून्य. म्हणजे ओढ आणि विरोध समान आहेत. ओढ जास्त लागते ती गाडी जागची हलवताना, वेग वाढवताना. चढावर मात्र वजनाचा एक भाग विरोधात सामील होतो. तेव्हा एकसारख्या वेगासाठीही अधिक जोर लावावा लागतो.

हे नुसते सांगितले तर विद्यार्थी लिहून घेईल आणि त्याची जुनी कल्पना मनात तशीच राहील. त्याऐवजी त्याच्याच अनुभवातील दुसरी गोष्ट पुढे ठेवावी. आसाला वंगण का घालतात? वंगण घातल्यावर बैलाला कमी ओढावे लागते. आणखी चांगले वंगण असेल तर? आणखी कमी. विरोध अगदी नाहीसाच झाला तर? चालती गाडी चालत राहण्यासाठी ओढावेच लागणार नाही. उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्यांचा विचार करताना गॅलिलिओने हीच वाट धरली होती. ज्या अनुभवाने मुलाची चुकीची कल्पना घडवली, तोच अनुभव दुसऱ्या बाजूने तपासला की योग्य कल्पनेकडे नेतो. पण त्यासाठी मूल आधी बोलले पाहिजे.

अशा कल्पना केवळ बलाविषयीच असतात असे नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील पानसे, रामदास आणि अरविंद कुमार यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या 'संदर्भचौकटी'विषयीच्या कल्पना तपासल्या. संदर्भचौकट ही वस्तूला जखडलेली, तिच्या आकारापुरतीच मर्यादित अशी काहीतरी चीज आहे, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटत होते. आपल्याकडची उदाहरण घ्यायचे तर यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर पूर्वी धावणारी 'शकुंतला' घ्या. रुळांकाठचे लिंबाचे झाड गाडीच्या संदर्भचौकटीत मागे धावते, असे म्हटले की अशी कल्पना असलेला विद्यार्थी म्हणेल, "झाड तर गाडीत नाहीच!" संदर्भचौकटीची व्याख्या पाठ असूनही ही अडचण राहू शकते, आणि विद्यार्थी बोलल्याशिवाय ती शिक्षकाला दिसत नाही.

तासात काय करता येईल?

हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर हे लोकप्रिय शिक्षक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना बलाविषयीचे साधे, सूत्राशिवायचे प्रश्न दिले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहायची की मला खरोखर वाटते तशी? तिथल्या विद्यार्थ्यांच्या मनातही वर्गातले जग आणि खरे जग वेगळे होते. १९९१ पासून माझूर यांनी शिकवण्याची रीत बदलली. थोडे विवेचन करायचे, मग पर्याय असलेला एक प्रश्न विचारायचा. मिनिटभर प्रत्येकाने स्वतः विचार करून उत्तर नोंदवायचे. त्यानंतर दोन-तीन मिनिटे शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे. शेवटी शिक्षकाने स्पष्टीकरण द्यायचे.

यासाठी कसलेही यंत्र लागत नाही. छातीशी धरलेली एक, दोन किंवा तीन बोटे पुरतात, आणि ती शेजाऱ्याला दिसत नाहीत. आपल्या वर्गांसाठी एक भर मात्र आवश्यक वाटते. ही दोन-तीन मिनिटे मुलांनी मराठीत, वऱ्हाडीत, गोरमाटीत, ज्या भाषेत त्यांना विचार सुचतो त्या भाषेत बोलावे. इंग्रजी संज्ञा नंतर फळ्यावर येऊ द्यावी.

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे थांबणे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच वाट पाहतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर उत्तरे लांब होतात आणि अधिक मुले बोलतात.

याचा उपयोग होतो का? रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांची तुलना प्रसिद्ध केली. आरंभीच्या चाचणीत ४० टक्के गुण असतील तर मिळवण्यासारखे ६० उरतात. त्यांतले किती मिळवले, हे त्यांचे माप. नेहमीच्या व्याख्यानांच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी ०.२३, तर सहभागाच्या वर्गांत ०.४८ आले. म्हणजे ४० वरून पहिला वर्ग सुमारे ५४ वर जाईल आणि दुसरा सुमारे ६९ वर.

लंबक आणि जुळवलेले उत्तर

प्रयोगशाळेतही हाच प्रश्न आहे. साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढताना अनेक विद्यार्थी निरीक्षणे 'जुळवून' ९८१ सेंमी प्रति वर्ग सेकंद हे पुस्तकातले उत्तर आणतात. पण गुरुत्वत्वरण स्थळागणिक बदलते. यवतमाळ सुमारे २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. नेहमीच्या सूत्राने इथले मूल्य ९७८.५ च्या आसपास येते. म्हणजे प्रामाणिकपणे ९७८ काढणारी मुलगी सत्याच्या अधिक जवळ असते, आणि जर्नलमध्ये खाडाखोड करून ती दूर जाते!

अर्थात एक मीटर लांबीच्या लंबकाच्या ५० आंदोलनांना सुमारे १०० सेकंद लागतात. त्यात ०.२ सेकंदाची चूक झाली तर उत्तरात सुमारे ४ एककांचा फरक पडतो. तेव्हा या साधनाने ९७८.५ आणि ९८१ वेगळे ओळखता येतीलच असे नाही. आपले उत्तर किती विश्वसनीय आहे हे सांगता येणे, हीच या प्रयोगाची शिकवण आहे. मात्र गुण जुळलेल्या उत्तराला मिळत असतील तर विद्यार्थी उत्तरच जुळवणार. अंतर्गत गुणांपैकी काही गुण त्रुटीच्या चर्चेला आणि बैलगाडीसारख्या सूत्राशिवायच्या प्रश्नांना ठेवता येतील.

शेवटी, करून पाहण्यासारखी एक गोष्ट. वर्षाच्या पहिल्या तासाला मुलांना तीन विधाने द्यावीत. 'सूत्रे पाठ असली की भौतिकशास्त्र येते.' 'शेतात, घरात मी जे पाहतो त्याचा या विषयाशी संबंध नाही.' 'वर्गात न सोडवलेले उदाहरण परीक्षेत विचारणे अन्यायाचे आहे.' प्रत्येकासमोर 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहायला सांगावे, नाव घेऊ नये. चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि वर्षअखेर हीच विधाने पुन्हा द्यावीत. दोन्ही वेळचे आकडे शेजारी मांडले की वर्षभरात मुले आपल्याकडून आणखी काय शिकली हे दिसेल. 'मान्य' वाढलेले दिसले तर पुढच्या वर्षी त्या प्रकरणांपासूनच सुरुवात करावी.