विमानाचे अंतर व विमानाची वेळ

‘अंतर ६०० किलोमीटर, वेग ताशी ८०० किलोमीटर, तर विमानास किती वेळ लागेल?’ या उदाहरणाचे उत्तर वरच्या इयत्तांतील मुले ‘पाऊण तास’ असे चटकन देतात. पुणे ते नागपूर हे हवाई अंतर जवळजवळ एवढेच आहे; परंतु वेळापत्रकात त्या प्रवासास साधारणतः सव्वा ते दीड तास दिलेला असतो. एखाद्या चौकस मुलाने ही तफावत दाखविली, तर ‘तू पुस्तकातले गणित कर’ असे सांगून त्यास खाली बसविणे सोपे आहे. मात्र गणित हे परीक्षेपुरतेच खरे असते, अशी त्याची समजूत त्या क्षणापासून होते.

प्रथम अंतराचा विचार करू. पुण्याहून नागपूर सडकेने सातशे किलोमीटरांहून अधिक आहे. दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेणाऱ्या लोहमार्गाने ते सुमारे ८९० भरते. हवाई अंतर मुलांना स्वतः काढता येते. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे २.५ अंशांचा व रेखांशांत सुमारे ५.१ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जावे तसा आखूड होत जातो व आपल्या भागात तो सुमारे १०४.५ किलोमीटर भरतो. म्हणजे उत्तरेकडे सुमारे २७८ व पूर्वेकडे सुमारे ५३३ किलोमीटर. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून पायथागोरसच्या सिद्धान्ताने कर्ण काढावा. तो ६०० च्या आसपास येतो. भूगोल व भूमिती यांची अशी गाठ क्वचितच पडते, म्हणून या कृतीस एक पूर्ण तास द्यावा.

आता वेळ. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी जागेवर थांबेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, आपली पाळी येईतो थांबणे, हे सारे तीत आले. ताशी ८०० हा वेग विमान पुरेशा उंचीवर पोहोचल्यानंतरचा. एवढ्या लहान प्रवासात निम्म्याच्या आसपास अंतर चढण्याउतरण्यातच जाते. आपल्या मुलांपैकी बहुतेकांनी (आणि आपणांपैकीही पुष्कळांनी) विमानात पाऊल ठेवलेले नसते. तेव्हा एस. टी. चा दाखला द्यावा. मोकळ्या रस्त्यावर गाडी ताशी ६० ने धावते, तरी ३० किलोमीटरवरच्या तालुक्यास पोहोचावयास तास लागतो, हे प्रत्येक मूल जाणते. दीड तासात ६०० किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी ४००. ‘वेग’ आणि ‘सरासरी वेग’ हे दोन शब्द येथे वेगळे करून दाखवावेत.

राहिला वारा. हिवाळ्यात विमानाच्या उंचीवर आपल्याकडे पश्चिमेकडून वारे वाहतात. समजा, वारा ताशी १०० ने वाहतो आहे. तर नागपूरकडे जाताना जमिनीवरून मोजलेला वेग सुमारे ९०० व परतताना ७०० होईल. नाव आणि प्रवाह यांची जी उदाहरणे आपण फळ्यावर सोडवितो, तीच ही होत. पावसाळ्यात त्या उंचीवर वारे बहुधा पूर्वेकडून वाहतात. तेव्हा कोणता प्रवास लांबेल, हे मुलांनाच विचारावे.