टेकडीवर अंगठी का अडकते? उन्हाळा, व्यायाम आणि सुजलेले हात-पाय



गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आत्यासोबत वेताळ टेकडीवर फिरायला गेले होते. निघायला उशीर झाला, त्यामुळे ऊन चांगलंच चढलं होतं. तासाभराने आत्या थांबली आणि हात पुढे करून म्हणाली, "अगं, ही अंगठी बघ. फिरतसुद्धा नाहीये!" बोटं खरंच टम्म झाली होती. बुटांच्या नाड्याही तिने सैल केल्या.

मग सल्ले सुरू झाले. बाकावरचे एक काका म्हणाले, "बीपी असणार, मीठ बंद करा." शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाणी कमी पडलंय, भरपूर पाणी प्या." आत्याचं स्वतःचं मत, "उष्णता झालीये, घरी गेल्यावर धण्याचं पाणी घेते."

लक्षण एक, कारणं तीन आणि उपायही तीन. माझा पीएचडीचा विषय सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधल्या द्रवाच्या हालचालींचा आहे, म्हणून मला तिथेच वही काढावीशी वाटली. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर हे उदाहरण नीट बघा. एका साध्या निरीक्षणापासून तपासता येईल अशा प्रश्नापर्यंत कसं जायचं, ते यातून छान कळतं.

आधी यंत्रणा

आपल्या केशवाहिन्या म्हणजे बंद पाइप नव्हेत. त्यांच्या भिंतीतून पाणी सतत थोडं थोडं बाहेर झिरपतं. रक्ताचा दाब त्याला बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिने त्याला आत धरून ठेवतात. हा हिशेब अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला. प्रथिनांची ही ओढ साधारण २५ मिमी पारा इतकी असते. हा आकडा लक्षात ठेवा.

आता चालताना खाली लोंबणारा हात घ्या. तो हृदयापासून साधारण ५० सेंमी खाली असतो. रक्ताच्या १ सेंमी उंचीच्या स्तंभाचा दाब सुमारे ०.७७ मिमी पारा, म्हणजे हातात नुसत्या गुरुत्वाकर्षणामुळे ३८ मिमी पारा दाब वाढला. स्तब्ध उभं असताना पावलाच्या शिरेत तर तो ९० च्या आसपास जातो. २५ च्या ओढीपुढे हे आकडे बघितले की प्रश्नच उलटा होतो. सूज का येते, यापेक्षा एरवी ती का येत नाही?

कारण शरीराकडे तीन बंदोबस्त आहेत. पहिला, केशवाहिन्यांच्या आधीच्या बारीक धमन्या आकुंचन पावतात आणि दाब पुढे पूर्णपणे पोचू देत नाहीत. दुसरा, स्नायूंचा पंप. पोटरी आवळली की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं आणि झडपा त्याला परत येऊ देत नाहीत. त्यामुळे चालताना पावलातल्या शिरेचा दाब ९० वरून २०-३० पर्यंत उतरतो. तिसरा, लसीकावाहिन्या. झिरपलेलं पाणी त्या उचलून परत रक्तात सोडतात.

(जाता जाता एक गोष्ट. केशवाहिनीच्या एका टोकाला पाणी बाहेर जातं आणि दुसऱ्या टोकाला परत आत येतं, अशी आकृती तुम्ही अनेक पुस्तकांत पाहिली असेल. लेविक आणि मिशेल यांनी २०१० च्या लेखात दाखवलं की बहुतेक ऊतींमध्ये असं सतत परत येणं होत नाही. परतीचं मुख्य काम लसीका करते. पुस्तकातली आकृती पाठ असणं आणि ती कशावर उभी आहे हे माहीत असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.)

उन्हात व्यायाम केला की पहिला बंदोबस्त ढिला पडतो. उष्णता बाहेर टाकायला त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात. एरवी त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त वाहतं, तेच तीव्र उष्णतेत ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतं. तळहात-तळपायात तर धमनीतून थेट शिरेत रक्त नेणारे खास जोडमार्ग असतात, तेही उघडतात. दाब केशवाहिन्यांपर्यंत पोचतो आणि झिरपणं वाढतं. पायांना निदान पोटरीचा पंप असतो. हात मात्र आपण मोकळे सोडून चालतो, त्यामुळे त्यांचा पंप जवळपास बंदच असतो. आत्याच्या अंगठीचं कारण बहुधा इतकंच होतं.

मग धण्याचं पाणी?

आत्याने आठ-दहा दिवस धण्याचं पाणी घेतलं आणि सूज खरंच कमी झाली. ती खूश! पण मला प्रश्न पडला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला शरीर उष्णतेला सरावत असतं. पहिले काही दिवस ते मीठ-पाणी धरून ठेवतं आणि रक्तद्रवाचं प्रमाण वाढतं. हात-पायांची सूज याच काळात जास्त दिसते आणि एक-दोन आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरते. म्हणजे त्या दिवसांत आत्याने काहीही घेतलं असतं, तरी ते लागू पडल्यासारखंच वाटलं असतं.

याचा अर्थ धण्याचं पाणी निरुपयोगी ठरलं असा नाही. या निरीक्षणावरून ते ठरवताच येत नाही, एवढंच. 'आधी आणि नंतर' अशी तुलना करताना मधल्या काळात स्वतःहून काय बदललं असतं, हे विचारायची सवय लावून घ्या.

चांगली तुलना कशी असेल?

आपल्याला दोन हात आहेत, हे इथे फार कामाचं आहे. समजा, तुमचं गृहीतक आहे की पंप बंद असल्यामुळे हात सुजतो. मग चालताना एका हाताची मूठ ठरावीक अंतराने उघड-बंद करा आणि दुसरा नुसता लोंबू द्या. ऊन, मीठ, पाणी, बीपी, उष्णतेचा सराव, सगळं दोन्ही हातांना सारखंच आहे. तरीही फरक पडला, तर त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागणार नाही. उजव्या-डाव्याचा मूळचा फरक असू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी हात बदला.

मोजायचं कसं? 'अंगठी घट्ट वाटते' हे मोजमाप नाही. मनगटावर पेनाने खूण करा, काठोकाठ भरलेल्या भांड्यात हात खुणेपर्यंत बुडवा आणि सांडलेलं पाणी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली. पाणी फार गार नको, कारण गारव्याने रक्तवाहिन्या आवळतात. न चालता तोच हात तीनदा मोजा. त्या तीन आकड्यांत जेवढा फरक येईल, तेवढी तुमच्या पद्धतीची चूक. सुजेमुळे पडलेला फरक त्याहून मोठा नसेल, तर निष्कर्ष काढू नका.

पाणी भरपूर प्या, हा सल्ला

हा सल्ला मी स्वतः अंगावर काढला आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पाच तासांची संथ पायपीट होती. हात सुजले. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. म्हणून प्रत्येक थांब्यावर तहान नसतानाही बाटली संपवत गेले. शेवटी डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. तरी मी पाणीच पीत होते! घरी वजन केलं तर सकाळपेक्षा जास्त भरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोडियम १३५ च्या खाली होतं.

पाच तास घाम गाळून वजन वाढतं कसं? उत्तर सोपं आहे. घामावाटे गेलं त्यापेक्षा जास्त पाणी मी आत घेतलं होतं आणि त्यामुळे रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३ टक्के धावपटूंचं सोडियम लिटरला १३५ मिलीमोल किंवा त्याहून कमी निघालं आणि त्याच्याशी सर्वात ठळक संबंध दिसला तो शर्यतीत वजन वाढण्याचा.

म्हणजे सुजलेली बोटं दोन्हीकडे सारखीच दिसू शकतात. आत्याची सूज निरुपद्रवी होती, माझी धोक्याच्या वाटेवर होती. फरक दाखवणारी वस्तू होती साधा वजनकाटा. संशोधनात आपण अशाच मोजमापाच्या शोधात असतो, जे दोन स्पर्धक कारणांसाठी वेगवेगळं उत्तर देतं.

एवढं लक्षात ठेवा

- अंगठ्या, कडी, घड्याळ चालण्याआधीच काढून किंवा सैल करून ठेवा. अधूनमधून हात वर करा, मुठी आवळा.
- पाणी तहानेप्रमाणे प्या. खूप वेळ घाम येणार असेल तर मीठ असलेलं काही सोबत घ्या. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल, तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.
- सुजेसोबत डोकेदुखी, उलट्या किंवा गोंधळलेपणा दिसला, तर साधं पाणी पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.
- एकाच पायाला सूज आणि दुखणं, धाप लागणं, किंवा विश्रांतीनंतर दुसऱ्या दिवशीही टिकणारी सूज, हे उन्हावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात, पण गोळी स्वतःहून बंद करू नका.

आत्या आता अंगठी घरी ठेवून येते आणि चालताना एका हाताची मूठ उघड-बंद करते. धण्याचं पाणी मात्र तिने सोडलेलं नाही. म्हणते, "तुझा प्रयोग पूर्ण होऊ दे, मग बघू." माझ्या गाइडही साधारण हेच म्हणतात.